गर्दी, गट आणि आपण: सामाजिक मानसशास्त्राबद्दल नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशिकमध्ये गर्दी हा रोजच्या बोलण्यातला विषय झाला आहे. मानसशास्त्र शिकवणाऱ्याला मग वर्गात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच तेच प्रश्न विचारले जातात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गर्दीचे प्रश्न आधी घेतले, कारण गर्दीबद्दलच्या चुकीच्या समजुतींपायी माणसं जिवाला मुकतात.

सामाजिक मानसशास्त्र म्हणजे काय? ते समाजशास्त्रच नाही का?

नाही. समाजशास्त्र जात, कुटुंब, बाजार, शासन अशा रचनांचा अभ्यास करतं. सामाजिक मानसशास्त्राचं लक्ष एकेका माणसावर असतं. पण इतर माणसं समोर असताना, किंवा नुसती मनात असतानाही, त्याचं वागणं कसं बदलतं हे ते पाहतं. या विषयातला अगदी सुरुवातीचा प्रयोग नॉर्मन ट्रिपलेट यांचा, १८९८ सालचा. सायकलस्वार एकट्यापेक्षा इतरांच्या सोबतीने जास्त वेगात जातात, हे शर्यतींच्या नोंदींवरून त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं गुंडाळायला लावून तेच तपासलं. पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी त्यात भर घातली: हात बसलेलं काम लोकांसमोर आणखी चांगलं होतं, नवखं काम मात्र बिघडतं. ढोल पथकात महिनोन्‌महिने सराव केलेला वादक मिरवणुकीत खुलतो आणि नव्या पोराचा ताल नेमका तिथेच चुकतो, तो याच कारणाने.

गर्दीत शिरलं की माणसाची अक्कल जाते, हे तर खरं ना?

हा समज फार जुना आहे. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्ये तो मांडला: जमावात माणूस आपलं व्यक्तिमत्त्व हरवतो आणि एखाद्या साथीसारख्या पसरणाऱ्या भावनेच्या ताब्यात जातो. पोलिसांना, राजकारण्यांना आणि पत्रकारांना हे म्हणणं सोयीचं होतं, म्हणून ते टिकलं. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत हानिकारक समज आहे.

१९८० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सेंट पॉल्स या वस्तीत दंगल झाली. स्टीफन रायशर यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. जमावाचा राग पोलिसांवर होता, वस्तीतल्या घरांवर नाही, आणि वस्तीच्या हद्दीबाहेर दंगल गेली नाही. वेड लागलेल्या जमावाला हद्द कळली नसती. रायशर यांचं म्हणणं असं, की गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही. ‘मी’ मागे पडतो आणि ‘आम्ही’ पुढे येतो, आणि त्या ‘आम्ही’चे स्वतःचे नियम असतात.

नियम पाहायचे असतील तर रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीपाशी उभं राहा. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथले हे पेशवेकालीन हौद वर्षभर जमिनीखाली झाकलेले असतात आणि त्या दिवसापुरते उघडतात. बाहेरून आलेल्याला सुरुवातीला नुसता गोंगाट दिसतो. थोडा वेळ पाहिलं की क्रम दिसू लागतो. आधी पूजा. मग ज्यांचा मान त्यांची उडी. मग बाकीच्यांचे धप्पे. उडी मारणारा काठावर क्षणभर थांबतो, खालचे सरकून जागा करतात, आणि वर यायला धडपडणाऱ्याला कोणीतरी हात देतंच. तो हात कोणाचा हे दोघांनाही माहीत नसतं. चेहरे रंगात बुडालेले, नावं हरवलेली, आणि तरीही शिस्त. ल बाँ यांच्या सिद्धांताप्रमाणे हे घडायलाच नको.

मग चेंगराचेंगरी का होते? लोक घाबरून धावतात म्हणूनच ना?

बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. माणसं आधी दाबली जातात आणि घबराट त्यानंतर येते. गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करणारे अभियंता जॉन फ्रुइन यांनी दाखवलं, की एका चौरस मीटरमध्ये सात माणसांच्या आसपास दाटी झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. तिच्यातून लाटा जातात, पायाखालची जमीन सुटते आणि माणूस ठरवूनही थांबू शकत नाही. अशा वेळी मृत्यू मुख्यतः छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात, कित्येकदा उभ्या उभ्या.

२७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात सरदार चौकाच्या परिसरात ३९ भाविक गेले. रामकुंडाकडे उतरणारी वाट अरुंद, साधूंच्या स्नानासाठी अडथळ्यांमागे थोपवून धरलेली गर्दी, आणि त्यात साधूंनी नाणी उधळली, ती उचलायला लोक वाकले, असं त्या वेळी सांगितलं गेलं. ही हकीकत आपल्याकडे अजूनही ‘लोकांनी नाण्यांसाठी झुंबड केली’ अशी सांगितली जाते. मला ती अन्यायाची वाटते. प्रसाद म्हणून चार माणसं कुठेही वाकतात. मैदानात वाकली तर काही होत नाही. उतारावरच्या बोळात, मागून रेटा येत असताना वाकली तर जीव जातो. मागच्या माणसाला पुढे काय झालंय हे दिसत नाही आणि सांगणारंही कोणी नसतं, म्हणून तो पुढे सरकतच राहतो. त्याला दोष देऊन पुढची दुर्घटना टळत नाही. वाट किती रुंद आहे, एका वेळी किती माणसं आत सोडली आणि मागच्यांपर्यंत निरोप पोचतो का, या तीन गोष्टींनी ती टळते.

वयस्कर आईवडिलांना स्नानाला न्यायचं आहे. काय लक्षात ठेवू?

मुख्य पर्वाचा दिवस सोडून न्या. गोदावरी तीच असते. चारही बाजूंनी लोकांचे खांदे लागायला लागले की तीच परतायची वेळ समजा, पुढे मोकळं असेल या आशेवर थांबू नका. चप्पल, पिशवी, मोबाईल काहीही पडलं तरी वाकायचं नाही. दाटी झालीच तर हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखायची, रेट्याच्या विरुद्ध ताकद लावायची नाही आणि लाट ओसरेल तेव्हा तिरकं तिरकं कडेला सरकायचं. पण भिंतीला किंवा बॅरिकेडला चिकटून राहायचं नाही. चुकामूक झाली तर भेटायची जागा घरूनच ठरवून निघा, कारण ऐन गर्दीत फोन लागेलच असं नाही.

इतक्या गैरसोयीत लोकांना समाधान कसं मिळतं?

याचं उत्तर प्रयागच्या माघ मेळ्यात शोधलं गेलं आहे. तिथे कल्पवासी ऐन थंडीत महिनाभर नदीकाठी तंबूत राहतात. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने त्यांची मेळ्याच्या आधी आणि नंतर पाहणी केली आणि गावीच राहिलेल्या तशाच लोकांशी तुलना केली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मेळ्याला जाऊन आलेल्यांना आपली प्रकृती आणि मनःस्थिती आधीपेक्षा बरी वाटत होती. थंडी, गोंगाट, गर्दी हे सगळं सोसूनही.

त्याच प्रकल्पातला एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. एकच अस्पष्ट आवाज काहींना ‘मेळ्यातला’ म्हणून ऐकवला आणि काहींना ‘शहरातला’ म्हणून. मेळ्याचा आवाज म्हटल्यावर लोकांनी तो जास्त वेळ ऐकला. शेजारचा माणूस ‘आपल्यातला’ वाटला की धक्काही वेगळा लागतो. लंडनमध्ये ७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांच्या मुलाखतींतही हेच दिसलं. अनोळखी प्रवाशांनी पळून न जाता एकमेकांना सावरलं, कारण त्या क्षणी ते सगळे एकाच संकटातले झाले होते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे ‘हो’ म्हणतात आणि खाली पार्किंगमध्ये येऊन कुरकुरतात. असं का?

गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत प्रत्येक सोसायटीत हे दृश्य सारखंच. रंगकामाचं महागडं कोटेशन वाचून होतं, चेअरमन विचारतात, “कोणाची हरकत?” पंखा तेवढा ऐकू येतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका सेक्रेटरींकडे बघतात, सेक्रेटरी कागदांकडे. ठराव मंजूर. दहा मिनिटांनी गाड्यांपाशी तेच काका म्हणतात, “मला तर सुरुवातीपासूनच पटलं नव्हतं.” आणि बाकीचे तिघे म्हणतात, “अहो, मलाही!”

इथे दोन गोष्टी एकत्र घडतात. पहिली सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासूनच्या प्रयोगांत दाखवली. समोरच्या तीन रेषांपैकी कोणती नमुन्याएवढी आहे, हे उघड दिसत होतं; पण आधी बोलणारे सगळे, जे संशोधकाचेच लोक होते, मुद्दाम एकमुखाने चुकीचं उत्तर देत. खऱ्या सहभागींची जवळजवळ ३७ टक्के उत्तरं त्या चुकीच्या बहुमताकडे झुकली. या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग सांगायचा लोक विसरतात. सुमारे पाव सहभागी एकदाही झुकले नाहीत. आणि आधी बोलणाऱ्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी झुकण्याचं प्रमाण आधीच्या साधारण पाव पटीवर आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे, इतर गप्प आहेत त्याअर्थी त्यांना मान्य आहे, असं प्रत्येकजण धरून चालतो. स्वतःच्या गप्प बसण्याला तो संकोच समजतो आणि इतरांच्या गप्प बसण्याला संमती. १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत असंच आढळलं: आपल्या मित्रांना कॅम्पसवरचं दारू पिणं जितकं मान्य आहे असं त्यांना वाटत होतं, तितकं ते मान्य नव्हतं.

उपाय अवघड नाहीत. चर्चेआधी प्रत्येकाचं मत चिठ्ठीवर लिहून घ्या. नव्या सभासदांना आधी बोलू द्या, चेअरमननी शेवटी बोलावं. इर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये समूहविचाराची कल्पना मांडली, ती १९६१ मध्ये अमेरिकेने क्युबावर करवलेल्या ‘बे ऑफ पिग्ज’ हल्ल्याच्या फसगतीसारखी प्रकरणं तपासून. तिथेही शंका अनेकांच्या मनात होत्या, पण बैठकीत त्या दबून गेल्या.

मूठभर माणसं बहुमताला हलवू शकतात का?

सर्ज मॉस्कोव्हिची यांनी १९६९ मध्ये निळ्या स्लाइड्स दाखवून प्रयोग केला. सहा जणांच्या गटात दोघे सतत त्यांना हिरव्या म्हणत राहिले, तेव्हा इतरांची सुमारे ८ टक्के उत्तरंही ‘हिरवी’ आली. तेच दोघे कधी हिरवी, कधी निळी म्हणू लागले तर परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे अल्पसंख्याकांची ताकद सातत्यात.

नाशिकला याचं उदाहरण शोधायला बाहेर जावं लागत नाही, मात्र ते स्लाइडच्या प्रयोगाच्या मापाने मोजू नये. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षं नेटाने लढवला. मार खाल्ला, तुरुंगवास सोसला, मागणी बदलली नाही. मंदिराचे दरवाजे त्या काळात उघडले नाहीत. पण प्रश्न साऱ्या देशासमोर आला.

इथे हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर यांचा १९७९ चा सामाजिक ओळखीचा सिद्धांत जास्त उपयोगी पडतो. ज्या गटाला समाजाने कमी लेखलं आहे, त्याला ते स्थान अन्याय्य वाटलं आणि बदलता येण्यासारखं दिसलं, की तो एकत्र येऊन व्यवस्थेला आव्हान देतो. आव्हानाला दाद मिळत नसेल तर तो स्वतःची ओळखच नव्याने घडवू शकतो. याच जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. सिद्धांत लिहिला गेला त्याच्या चाळीसेक वर्षं आधी आपल्या माणसांनी तो जगून दाखवला होता. आमच्या विद्यार्थ्यांना हे वर्गात सांगितलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

अपघात झाला की लोक बघ्याची भूमिका का घेतात?

१९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज या तरुणीचा खून झाला. ३८ जण पाहत होते आणि कोणी काही केलं नाही, असं तेव्हा छापून आलं. ती बातमी बरीच चुकीची होती, हे पुढे सिद्ध झालं. पण तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने कामाला लागले. त्यांच्या १९६८ च्या प्रयोगात दुसऱ्या खोलीतल्या कोणाला फिट आल्याचा आवाज ऐकू येई. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघे ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्के. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते.

ही सगळी गोष्ट नव्हे. २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या सीसीटीव्ही चित्रणांतली २१९ खरी भांडणं तपासली, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एकजण तरी मधे पडला होता. ‘माणुसकी उरली नाही’ हे वाक्य मी म्हणूनच मान्य करत नाही.

द्वारका सर्कलला कोणी पडलेलं दिसलं तर ‘कोणीतरी मदत करा’ असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवून सांगा, “निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा. ताई, तुम्ही गाड्या थांबवा.” नाव नसलं तरी काम नेमून दिलं की माणूस हलतो. आणि पोलिसांच्या लफड्याची भीती असेल तर हेही माहीत असू द्या: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण आहे आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकजण राबतो आणि बाकीचे अंग चोरतात. याला काही शास्त्रीय नाव आहे का?

सामाजिक आळस. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याची ताकद एकट्याच्या निम्म्यावर आली. काही भाग ताळमेळ न जमल्याचा होता, पण सगळा नाही. १९७४ मध्ये डोळे बांधून एकेकट्याला ‘तुझ्यामागे आणखी लोक ओढतायत’ असं नुसतं सांगितलं, तरी जोर कमी झाला.

मग कामदा एकादशीला पंचवटीत रामरथ आणि गरुडरथ निघतात तेव्हा दोर ढिला का पडत नाही? कारण तिथे मान असतो. तालमीच्या पोरांना आपल्या जागेचा अभिमान असतो आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळखीचे डोळे असतात. काम महत्त्वाचं वाटलं आणि आपला वाटा वेगळा दिसला की अंगचोरपणा कमी होतो, हे प्रयोगांतही आढळलं आहे. प्रोजेक्टमध्येही कोणी काय केलं ते नावासकट लिहून घ्या.

मिलग्रॅमचा शॉकचा प्रयोग आणि स्टॅनफर्डचा तुरुंग, यांवर किती विश्वास ठेवावा?

पहिल्यावर बराच. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० पैकी २६ जणांनी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला शॉक देणारं ४५० व्होल्टचं, प्रत्यक्षात खोटं, बटण दाबलं. पण सोबतच्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी फक्त ४ शेवटपर्यंत गेले, हेही त्याच मालिकेतलं आहे. स्टॅनफर्डच्या १९७१ च्या तुरुंगाबाबत, जिथे तरुणांना पहारेकरी आणि कैदी बनवून खोटा तुरुंग चालवला, मी सावध असतो. पहारेकऱ्यांना कडक वागण्याच्या सूचना दिल्या होत्या, हे नंतर ध्वनिफितींवरून उघड झालं.

व्हॉट्सॲपवरची अफवा शिकलेली माणसंसुद्धा पुढे का ढकलतात?

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये सांगितलं, की विषय जिव्हाळ्याचा आणि खरी माहिती धूसर असेल तिथे अफवा फोफावते. दोन्हींपैकी एक जरी शून्य असेल तरी ती मरते.

यात एक भारतीय धागा आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. जिथे धक्का बसला पण पडझड झाली नाही, तिथे ‘आणखी मोठं संकट येतंय’ अशा अफवा पसरल्या होत्या. आधीच घाबरलेली माणसं आणखी भीती कशाला पसरवतील? लिऑन फेस्टिंजर यांना हा प्रश्न पडला आणि उत्तर सुचलं: मनात भीती आहे, पण समोर कारण दिसत नाही, म्हणून माणूस भीतीला शोभेल असं कारण शोधतो. त्यातून १९५७ चा बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत उभा राहिला: मनातल्या दोन गोष्टी जुळेनात की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या जुळवायला बघतो.

मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा अशीच होती. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच सुमारास मालेगावात तशाच संशयाने घेरलेल्या लोकांना पोलिसांनी वाचवलं. भटकं, अनोळखी, वेगळ्या वेशातलं माणूस आधीच ‘परकं’ ठरलेलं असतं. अफवा फक्त त्याच्यावर आरोप चिकटवते. महिनाभरात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तिचा उपयोग आहे. पण गावातल्या चार विश्वासाच्या माणसांनी, सरपंच, शिक्षक, आशाताई, पोलीसपाटील यांनी, लगेच खरं काय ते सांगितलं तर धूसरपणाच उरत नाही.

‘आपले’ आणि ‘परके’ ही भिंत इतकी सहज उभी राहते?

हो, भीती वाटावी इतकी सहज. ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे चित्रांच्या आवडीच्या निमित्ताने दोन गट पाडले. जुनं वैर नाही, ओळख नाही. तरी मुलांनी बक्षिसाचे पैसे वाटताना आपल्या गटाला झुकतं माप दिलं. भिंत पाडायची तर नुसती ओळख करून देणं पुरत नाही. मुझफर शरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमात दोन गटांतल्या मुलांना एकत्र जेवायला बसवलं तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाण्याची टाकी बंद पडली, ट्रक अडकला, आणि सगळ्यांनी मिळूनच ते सोडवावं लागलं, तेव्हा कुठे वैर उतरलं.

हे सगळे प्रयोग अमेरिकेतले, युरोपातले. आपल्याला लागू होतात का?

काही होतात, काही तपासावे लागतात. ॲश यांच्या पद्धतीच्या १७ देशांतल्या १३३ अभ्यासांचा आढावा १९९६ मध्ये घेतला गेला. जिथे व्यक्तीपेक्षा समूहाला महत्त्व, तिथे बहुमताकडे झुकण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण त्यावरून ‘भारतीय माणूस मेंढरासारखा’ असा निष्कर्ष काढणारा घाई करतो. मोठ्यांसमोर वाद न घालणं हा आपल्याकडे पुष्कळदा मान राखण्याचा भाग असतो, आणि मनातलं मत शाबूत असतं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. गर्दीच्या अभ्यासाची दिशा बदलणारं काम प्रयागच्या वाळूवर झालं आणि विसंवादाच्या सिद्धांताचं बीज बिहारच्या अफवांत सापडलं. नाशिकला दर बारा वर्षांनी लाखो माणसं येतात, आणि इथे महाविद्यालयं आहेत, मुक्त विद्यापीठ आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या वेळी वही घेऊन घाटावर बसावं: लोक कोणाला वाट विचारतात, कोणाचं ऐकतात, मागे फिरा म्हटल्यावर कोण फिरतं आणि कोण का फिरत नाही. यासाठी मोठा निधी लागत नाही. महाविद्यालयाची परवानगी, ज्यांच्याशी बोलणार त्यांची संमती आणि मराठी-हिंदी दोन्हींत तयार केलेली प्रश्नावली एवढं पुरतं. प्रश्नावली मात्र आताच करायला घ्यावी, म्हणजे छोट्या यात्रांत ती एकदा वापरून दुरुस्त करता येईल.